चितांबोचा हातपंप आणि शरणपूरची पोरं

नाशिककरांना शरणपूर रोड म्हटलं की ट्रॅफिक, दवाखाने आणि पार्किंगची भांडणं आठवतात. हे नाव ज्या वस्तीवरून पडलं, ती विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५० च्या दशकात वसवली होती. अरबी समुद्रात इंग्रज आरमाराने गुलामांची गलबतं पकडली की त्यांतली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत आणि त्यातली बरीचशी शरणपूरच्या आश्रमात येत. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम आणि इंग्रजी शिकत. त्यांच्यातला जेकब वेनराइट नावाचा मुलगा पुढे परत आफ्रिकेत गेला, आणि १८७३ साली आफ्रिकेतच वारलेल्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाचं काळीज जिथे पुरलं तिथे प्रार्थना त्यानेच वाचली. हे मला माझ्याच शाळेतल्या एका जुन्या शिक्षकांनी सांगितलं होतं. तेव्हापासून ती जागा बघायचं डोक्यात होतं.

दादा कामानिमित्त झांबियाच्या राजधानीत, लुसाकाला राहतो. तो बरीच वर्षं 'ये, व्हिक्टोरिया धबधबा दाखवतो' म्हणत होता. या जुलैत मी गेले, पण अट घातली की धबधबा नंतर, आधी चितांबो, म्हणजे ते काळीज पुरलं ती जागा. दादाने नकाशा बघितला आणि म्हणाला, "ताई, तिथे काहीच नाहीये." वहिनीने मात्र लगेच डबे काढले. दादाच्या ओळखीच्या एका चर्चमधल्या माणसाने तिकडे राहणाऱ्या एका मिशनरी कुटुंबाशी गाठ घालून दिली आणि राहायची सोय झाली.

मंगळवार: लुसाका ते सेरेंजे

ग्रेट नॉर्थ रोडने साधारण चारशे किलोमीटर. दार-ए-सलामकडे जाणाऱ्या ट्रकच्या रांगा आणि खड्डे सोडले तर सांगण्यासारखं काही नाही. कापिरी म्पोशीला चिन्यांनी बांधलेल्या ताझारा रेल्वेचं मोठं स्टेशन दिसतं. त्यापुढे वस्ती विरळ होते आणि दोन्ही बाजूंना मिओंबोचं जंगल लागतं. रस्त्याकडेला कोळशाची उंच पोती, मध आणि रताळी विकायला ठेवलेली असतात.

थंडीची मात्र मी तयारी केली नव्हती असं नाही, तरी ती अंगावर आलीच. हा सगळा भाग बाराशे-तेराशे मीटर उंचीवर आहे. जुलैत सेरेंजेला पहाटे स्वेटरवर शाल घेऊनही हुडहुडी भरते, आणि दुपारी बाराला टोपीशिवाय उभं राहवत नाही. आफ्रिकेला जाताना सुती कपडेच भरणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहून ठेवते.

थोडं कामाचं: सेरेंजेला गाडीची टाकी पूर्ण भरा, पुढे भरवसा नाही. रोख क्वाचा, म्हणजे इथलं चलन, जवळ ठेवा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते कार्ड पासपोर्टला लावूनच ठेवा. मुंबईहून बहुतेक विमानं आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात आणि परत येताना आपल्याच विमानतळावर ते मागतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून इथूनच घेऊन जा.

बुधवार: चितांबो

सेरेंजेच्या पुढे मुख्य रस्ता सोडून डावीकडे सामफ्याच्या रस्त्याला लागायचं. कासांका अभयारण्याची पाटी मागे गेली की मग कच्चा रस्ता. लाल माती, मधूनच ओढ्यावर टाकलेले ओंडके, सायकलवर कोंबड्या बांधून निघालेली माणसं. आमचा चालक स्वतः बेम्बा, पण हा भाग लाला लोकांचा. भाषा जवळची असल्याने त्याचं सगळीकडे जमत होतं. प्रत्येक वळणावर थांबून आधी ख्यालीखुशाली, मग रस्ता. घाईने रस्ता विचारणं इथे उद्धटपणा समजतात.

स्मारक म्हणजे झाडीतल्या मोकळ्या जागेत उभा एक दगडी स्तंभ आणि वर क्रूस. १९०२ साली बांधलेला. ज्या झाडाखाली काळीज पुरलं ते झाड त्याआधीच पोखरलं गेलं होतं. वेनराइटने ज्यावर अक्षरं कोरली होती तो बुंध्याचा भाग कापून लंडनला नेला. जवळच चितांबो या प्रमुखाचीही आठवण जपली आहे, आणि ते योग्यच आहे. परक्या माणसाचं प्रेत गावात ठेवणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, त्यासाठी गावावर अरिष्ट आलं असतं तर जाब त्यालाच द्यावा लागला असता.

पुढचं सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. लिव्हिंगस्टनच्या माणसांनी प्रेत उन्हात वाळवलं, सालीत गुंडाळलं आणि दीड हजार किलोमीटरच्या वर चालत झांझिबारसमोरच्या किनाऱ्यावर, बागामोयोला नेलं. नऊ महिने लागले. सुसी आणि चुमा त्यांचे म्होरके. त्यातल्या चुमालाही मुंबई माहीत होती. आपल्याकडे ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे त्या डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत तो शिकला आणि १८६५ साली तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. वेनराइटला लिहितावाचता येत असल्याने सामानाची यादी त्याने केली, झाडावर नाव त्याने कोरलं. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो एकटाच आफ्रिकन होता. लंडनने त्याचे फोटो काढले आणि मग त्याला विसरून गेलं. १८९२ मध्ये तो आजच्या टांझानियात वारला.

स्मारकाच्या राखणदाराला मी सांगितलं की मी त्या मुलाच्या शाळेच्या गावाहून आले आहे. त्याने अभ्यागतांची वही पुढे केली आणि म्हणाला, "मग नीट मोठ्या अक्षरात लिहा." मी देवनागरीत लिहिलं. दादाने फोटो काढला, त्यात माझं बोट आलंय.

इथून मिशनच्या जागेकडे गेलो. लिव्हिंगस्टननंतर तीसेक वर्षांनी, १९०७ च्या सुमाराला, स्कॉटलंडच्या मिशनने या भागात ठाणं उभारलं. ते उभारणारा माल्कम मॉफॅट हा लिव्हिंगस्टनच्या बायकोचा, मेरीचा, भाचा. पुढे लिव्हिंगस्टनचा नातू डॉ. ह्युबर्ट विल्सनही इथे डॉक्टर म्हणून राहिला. मिशनने सुरू केलेलं रुग्णालय आजही चालू आहे. आम्ही गेलो तेव्हा बाहेर पोरं पाठीला बांधलेल्या बायांची रांग होती आणि नातेवाईक मागच्या बाजूला चुली पेटवून स्वयंपाक करत होते. आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचं आवार असावं तसंच.

मॉफॅट आणि लिव्हिंगस्टन ही दोन घराणी पिढ्यान् पिढ्या याच कामात होती हे वाचताना भारी वाटतं. मेरीच्या बाजूने बघितलं की तेवढं वाटत नाही. ती मिशनरी घरात आफ्रिकेतच जन्मली, मिशनऱ्याशी लग्न केलं, लहान पोरांना घेऊन बैलगाडीने कालाहारी ओलांडलं. वाटेत पाणी संपलं होतं. १८५० च्या अशाच प्रवासानंतर जन्मलेलं मूल काही आठवड्यांतच गेलं. दोन वर्षांनी नवऱ्याने तिला चार मुलांसह विलायतेला पाठवून दिलं, आणि १८६२ मध्ये ती झांबेझीच्या काठी तापाने मेली. तिचं काळीज कुठे पुरलंय हे बघायला कोणी जात नाही.

बुधवार रात्र ते शनिवार: गावात

ज्यांच्याकडे राहायचं होतं ते कुटुंब मूळ कॅनडाचं. नवरा इंजिनिअर, बायको परिचारिका, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी निवासी शाळेत होती. मुख्य रस्त्यापासून बरंच आत, एका गावाला लागून त्यांचं विटांचं, पत्र्याचं घर. अंगणात पपई, छपरावर सौर पट्ट्या. गावात वीज नाही, त्यामुळे संध्याकाळी निम्मं गाव मोबाइल चार्ज करायला त्यांच्या ओट्यावर. गप्पा तिथेच रंगतात. बाईंना गावात त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नाही. थोरल्याच्या नावाआधी 'बाना' लावतात, म्हणजे अमक्याची आई. माझ्या आजीलाही गावात कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही.

मी जरा सावधच गेले होते. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे दोन टोकं असतात. एकीकडे मिशनच्या शाळेचं आणि दवाखान्याचं कौतुक, दुसरीकडे धर्मांतराचा राग. घरात शिरल्यावर पहिल्याच जेवणाला मी सरळ विचारलं, "झांबिया तर १९९१ पासून स्वतःला ख्रिस्ती राष्ट्र म्हणवतो. गावातही सगळे ख्रिस्तीच. मग तुम्ही कशाला?"

बाई हसल्या. नवरा म्हणाला, "आम्हाला पाळक व्हायचं नाही. पाळक इथलेच आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगलं बोलतात. त्यांच्या मंडळीने बोलावलं म्हणून आलो. त्यांना पंप दुरुस्त करणारा हवा होता." मग थांबून, "सुरुवातीला मीही प्रवचनं द्यायचो. लोक ऐकून घ्यायचे. फार सोशिक आहेत."

गुरुवारी तो मला शेजारच्या पाड्यावर घेऊन गेला. तिथे पंप बंद होता. बायका दोन दिवसांपासून ओढ्याचं पाणी भरत होत्या. पंप बघताच मी म्हटलं, हा तर आपल्या गावच्या शाळेमागचा. तोच तीन पायांचा लोखंडी स्टँड, तोच लांब दांडा. तो म्हणाला, "अर्थात. इंडिया मार्क टू. झांबियाभर हाच आहे." आणि मग त्याने मलाच विचारलं, "शोलापूर कुठे आहे?"

पंपांचं काम करणाऱ्यांना हे नाव माहीत असतं म्हणे. साठच्या दशकात महाराष्ट्रात दुष्काळ पडला, विंधनविहिरी घेतल्या गेल्या, पण बिडाचे जुने हातपंप गावभर वापरून काही आठवड्यांतच मोडत. जालन्याच्या मिशनमध्ये त्यावर पोलादी पंपाचा प्रयोग झाला, सोलापुरात तो आणखी सुधारला. तिथेही त्यामागे मिशनचीच माणसं. सत्तरच्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफने त्याच धर्तीवर इंडिया मार्क टू तयार केला आणि तो जगभर गेला. मराठवाड्यातल्या दुष्काळाने दिलेली वस्तू मी सेरेंजेच्या जंगलात बघत होते. दादाला संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला, "आपल्याकडे मात्र गंजून पडलेत."

दुरुस्ती इंजिनिअरने केलीच नाही. तो बाजूला ओंडक्यावर बसून राहिला. पंपाच्या समितीतल्या दोन बायांनी पाने काढले, वरचं झाकण उघडलं, साखळी बघितली, मग सगळ्यांनी मिळून आतले पाइप आणि दांडे एकेक करत वर ओढले. खाली वॉशर फाटलं होतं. एक बाई चुकीच्या बाजूने आटा फिरवत होती, तेव्हा त्याचे हात शिवशिवताना मला दिसले, पण तो उठला नाही. तीनेक तासांनी पाणी आलं. बायांनी टाळ्या वाजवत जीभ फिरवून आरोळी ठोकली. येताना गाडीत तो म्हणाला, "हे बसून राहणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला."

मला त्याचं हे वाक्य कुठल्याही प्रवचनापेक्षा पटलं. उलट, उन्हाळ्याच्या सुटीत परदेशातून दोन आठवड्यांसाठी येणारे आणि शाळेच्या भिंती रंगवून, पोरांना कडेवर घेऊन फोटो काढून जाणारे तरुणांचे गट असतात, त्यांच्याबद्दल हे दोघेही फार काही बोलायला तयार नव्हते. बाई एवढंच म्हणाल्या, "भिंत छान झाली. गेल्या वर्षीही छान झाली होती."

शुक्रवारी बाईंबरोबर. आंब्याच्या झाडाला वजनकाटा टांगलेला, त्याला कापडी झोळी, आणि झोळीत एकामागून एक भोकाड पसरणारी पाच वर्षांखालची पोरं. वजनं गावातली प्रशिक्षित आरोग्य सेविका घेत होती, बाई नोंदी तपासत होत्या. हिवतापाची झटपट चाचणी बोटातल्या रक्ताच्या थेंबावर पंधरावीस मिनिटांत होते. त्यांना स्वतःला किती वेळा हिवताप झाला हे त्या आता मोजत नाहीत. मी महाराष्ट्राची म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जामखेडबद्दल. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला गावातल्याच निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन जे उभं केलं, ते त्यांनी प्रशिक्षणात अभ्यासलं होतं. मी नाशिकची असून जामखेडला कधी गेले नाही हे ऐकून त्या चकित झाल्या.

मुलं हा त्या घराचा हळवा कोपरा. धाकटा नऊ वर्षांचा, लाला बोलतो आणि बोलताना हातवारेही इथल्या पोरांचेच करतो. मोठ्यांसमोर गुडघा टेकून, दोन हातांनी टाळी वाजवून नमस्कार करतो. कॅनडाला गेलं की त्याला तिथलं दुकान सहन होत नाही, इतक्या वस्तू बघून तो रडतो. मुलगी दूर निवासी शाळेत, सुटीतच भेट. मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच्या शाळा या देशात फार जुन्या आहेत. वायव्येकडच्या टोकाला साकेजीला १९२५ पासून एक आहे. "आम्ही इथे यायचं ठरवलं. त्यांनी ठरवलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि उठून चुलीवरचं बघायला गेल्या. मला मेरी आठवली, पण त्यांना ते बोलून दाखवलं नाही.

आता जेवणाचं, कारण मी शाकाहारी आणि घरी सगळ्यांना हीच काळजी होती. मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा हे मुख्य अन्न. यजमान तांब्याने हातावर पाणी घालतात, मग उजव्या हाताने गोळा करून खायचं. आपल्याला यात नवीन काहीच नाही. सोबत भोपळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला, त्याला इफिसाशी म्हणतात. विदर्भ-खानदेशातल्या माणसाने डोळे मिटून खाल्लं तर घरचं वाटेल. भेंडीत खायचा सोडा घालून बुळबुळीत करतात, ते मला झेपलं नाही. चिकांडा मात्र जरूर खा. रानातल्या ऑर्किडच्या कंदांची आणि शेंगदाण्याची तिखट वडी असते, दिसायला पार मांसासारखी, पण पूर्ण शाकाहारी. सुकवलेल्या अळ्याही विकायला असतात, दादाने खाल्ल्या, कुरकुरीत आहेत म्हणे. पिण्याला मुंकोयो, मका आणि एका मुळापासून केलेलं आंबूस पेय. ताजं असेल तर गोडसर, दोन दिवसांचं असेल तर चढतं.

शाकाहाऱ्यांसाठी सूचना: भाजीत काही ठिकाणी सुक्या कापेंटा मासळीचा चुरा असतो, आधी विचारा. पाहुण्यासाठी कोंबडी कापणं हा मान आहे. मुखियाच्या घरी आमच्यासाठी कापली. मी नको म्हटल्यावर घरधनीण क्षणभर गोंधळली, मग चालकाने समजावलं. मानाचा तुकडा म्हणजे कोंबडीची पेटी, ती थोर पुरुष पाहुण्याला देतात. ती दादाच्या ताटात आली आणि त्याने सगळ्यांसमोर ती गिळली.

मुखिया ऐंशीच्या पुढचा. इथली चितेमेने शेती त्याने समजावून सांगितली. झाडांच्या फांद्या तोडून, रचून जाळायच्या आणि त्या राखेत नाचणी पेरायची. मी म्हटलं, आमच्या कोकणात राब भाजतात ते असंच. नाचणी आमच्याकडेही आहे म्हटल्यावर त्याने घरातून मूठभर आणून माझ्या हातावर ठेवली, दाखव बघू हीच का. हीच होती. मिशनरी इंजिनिअर आता झाडं न तोडता खड्डे घेऊन पेरणी करायची पद्धत शिकवतो. त्याबद्दल मुखियाचं मत विचारलं. "पीक बरं येतं," तो म्हणाला, "पण खड्डे खणायला कंबर त्याची नाही, आमची मोडते."

रविवार: चर्च

नऊची उपासना साडेदहाला सुरू झाली आणि दीडला संपली. पत्र्याखाली, बाकांवर, बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. वाद्य एकच, ढोल. पण गाणं! कोणी स्वर लावून देत नाही. एक बाई ओळ उचलते आणि बाकीचे आपोआप तीन-चार पट्ट्यांत वाटले जातात. चाली काही स्कॉटलंडच्या, पण ढोल आणि पाय त्यांना कुठल्या कुठे नेतात. दानाच्या वेळी नाचत पुढे जायचं. कोणी नोट टाकली, कोणी मक्याची टोपली ठेवली, एकीने जिवंत कोंबडा. कॅनडाचं कुटुंब मागच्या बाकावर बसलं होतं आणि त्यांना कोणी पुढे बोलावलंही नाही. पाळक स्थानिक, प्रवचन लालामध्ये, मधूनमधून हशा.

पाहुण्यांना उभं राहून ओळख करून द्यावी लागते. तयारी ठेवा. मी वेनराइटची गोष्ट थोडक्यात सांगितली, चालकाने भाषांतर केलं. लिव्हिंगस्टन सगळ्यांना ठाऊक, वेनराइट थोड्यांना. त्याला लिहायला-वाचायला शिकवणारी शाळा भारतात होती हे मात्र कोणालाच नव्हतं माहीत. नंतर एक म्हातारी जवळ येऊन चालकाला म्हणाली, "मग हिला सांग, तुमचं पोरगं आम्ही नीट सांभाळलं." तिने बहुधा वेनराइट आणि लिव्हिंगस्टन यांची सरमिसळ केली होती. दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

कामाचं: बायकांनी चितेंगे, म्हणजे इथलं छापील कापड, कमरेला गुंडाळावं. बाजारात स्वस्त मिळतं, आणि ते गुंडाळलं की गावातला वावर एकदम सोपा होतो. पंजाबी ड्रेसवरही चालतं. पाण्याची बाटली आणि बिस्किटं पर्समध्ये ठेवा.

सोमवार-मंगळवार: चिन्साली आणि लुब्वा

पुन्हा मुख्य रस्त्याला लागून म्पिकामार्गे उत्तरेला. वाटेत कापिश्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर रात्र काढली. स्वच्छ, वाळूचा तळ, गंधकाचा वास नाही. पाच दिवसांची लाल माती तिथे उतरली.

चिन्सालीजवळचं लुब्वा बघायचा आग्रह आमच्या चालकाचा. "मिशनरी बघायचेत ना, मग आमचे बघा." १९०४ च्या सुमाराला आजच्या मलावीतून, लिव्हिंगस्टोनिया मिशनच्या शाळेतून शिकलेला डेव्हिड कौंडा नावाचा तरुण शिक्षक इथे आला. गोरा माणूस सोबत नव्हता. त्याने बेम्बा लोकांत शाळा काढल्या. बायको हेलन, ती स्वतः शिक्षिका. स्कॉटिश पाळक इथे कायमचा राहायला आला तो १९१३ मध्ये, म्हणजे सगळी घडी बसल्यावर. डेव्हिड कौंडांना पाळकपदाची दीक्षा मिळायला १९३० उजाडलं आणि दोनच वर्षांनी ते वारले. ज्याने ठाणं उभारलं त्याला पाव शतक थांबायला लावलं, हे मला फार खुपलं. मागे हेलन आणि मुलं. त्यातलं आठवं मूल, १९२४ मध्ये लुब्वालाच जन्मलेलं, म्हणजे केनेथ कौंडा, झांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि गांधींना मानणारे.

लुब्वाला विटांचं जुनं मोठं चर्च, शाळा, दवाखाना, आणि झाडांची सावली. गाइड वगैरे नाही. शाळेतल्या एका शिक्षकांनी सगळं फिरवून दाखवलं. याच परिसरात १९५३ मध्ये अ‍ॅलिस लेन्शिना नावाच्या बाईने आपण मरून परत आल्याचं सांगितलं. लुब्वाच्याच चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला आणि थोड्याच काळात तिने स्वतःचा लुम्पा पंथ काढला. तिच्या बेम्बा गाण्यांपुढे मिशनची चर्चं ओस पडली. १९६४ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, तिच्या अनुयायांची आणि सरकारची चकमक उडाली आणि शेकडो माणसं मेली. सरकारचे प्रमुख होते लुब्वाचेच केनेथ कौंडा. त्याबद्दल विचारल्यावर शिक्षकांनी आवाज खाली आणला आणि एवढंच सांगितलं की दोन्हीकडची घरं अजून इथेच शेजारी राहतात.

परतीच्या वाटेवर दादा म्हणाला, "तू मिशनरी बघायला निघालीस आणि बघितलेस नाशिकचे, मलावीचे." कॅनडावाले राहिले की, मी म्हटलं. त्यावर चालकाने आरशातून बघत विचारलं, "त्या बाईंनी मला चहाबरोबर काय दिलं होतं? गोड, तिळाचं?" ती वहिनीची चिक्की होती, मी त्यांच्याकडे ठेवली होती.

शेवटच्या दोन सूचना. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत गेलात तर कासांकाला लाखो फळवटवाघळं संध्याकाळी उडताना दिसतात, पण त्या काळात पाऊस सुरू होतो आणि चितांबोचा कच्चा रस्ता त्रास देतो, तेव्हा उंच गाडीच घ्या. आणि वेळ कमी पडत असेल तर कापिश्याचे झरे गाळा, लुब्वा गाळू नका.